सात टाक्यांचा कटोरा

पाठीवर सात पितळी टाके असलेला एक जुना चिनी कटोरा तुमच्याशी बोलतो आहे, मित्रांनो. केशोरी गावात परसरामच्या ओसरीवर एक कोनाडा आहे, तिथे माझा मुक्काम असतो. कटोरा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे चटणीची वाटी आली असेल, तर ती आधी बाजूला ठेवा. मी चांगला पसरट आहे आणि माझ्यात घरभर माणसांची खीर मावते. स्वभावाने थोडा गर्विष्ठ आहे, हेही आताच सांगून टाकतो. दोनशे वर्षं टिकून राहिलेल्या भांड्याचा एवढा गर्व तुम्ही चालवून घ्याल, अशी आशा आहे.

माझा जन्म चीनमधल्या एका डोंगराळ गावी झाला. तिथली पांढरी माती कुटून, चाळून, मळून मला चाकावर आकार दिला गेला. एका कारागिराने माझ्या पोटात निळ्या रंगाने एक तळं काढलं, तळ्यात होडी काढली आणि होडीत टोपीवाला माणूस बसवला. त्याने माझ्याकडे दुसऱ्यांदा पाहिलंदेखील नाही, कारण माझ्यासारखे कितीतरी कटोरे त्याच्यापुढे ओळीने मांडलेले होते. मग भट्टी. त्या आगीबद्दल मी फारसं बोलत नाही. बाहेर निघालो तेव्हा बोटाने टिचकी मारली की घंटेसारखा वाजत होतो.

पेंढ्यात गुंडाळून, जहाजात बसवून मला कलकत्त्याला आणलं. तिथे एका व्यापाऱ्याच्या काचेच्या कपाटात माझ्या कितीतरी पिढ्या गेल्या, म्हणजे व्यापाऱ्याच्या. वाहवा भरपूर झाली. पाहुणे यायचे, मला उलटं करायचे, बुडावरची खूण पाहायचे आणि मान हलवायचे. पण मित्रांनो, त्या सगळ्या वर्षांत माझ्यात कोणी घासभर काही खाल्लं नाही. पुढे त्याच घरातला एक जण तांदळाच्या व्यापारासाठी गोंदियाला येऊन राहिला आणि येताना मला घेऊन आला. गाशा गुंडाळून परत जाताना त्याने मला, नेहमी ज्याच्याकडून धान घ्यायचा त्या केशोरावला आठवण म्हणून देऊन टाकलं.

केशोराव केशोरीचा. तलाव बांधणाऱ्या कोहळी घराण्यातला माणूस, पाणी कुठून येतं आणि कुठे थांबतं याशिवाय त्याला दुसरं काही सुचत नसे. बैलगाडीत, रिकाम्या पोत्यांच्या घडीत मला ठेवून तो घरी आला. ओसरीवर बसून त्याने माझ्या पोटातलं तळं कितीतरी वेळ निरखलं आणि मग बायकोला म्हणाला, "तलाव त झकास हाये, पन याची पाळ कोठी हाये? पाळीबिगर पानी थांबनच कसं?"

मला इतका राग आला म्हणून सांगू! सगळ्या कलकत्त्याने नावाजलेलं चित्र, आणि हा माणूस त्यात मातीचा बांध शोधत होता. पण त्याची बायको देवकाबाई हसली, तिने मला साध्या पाण्याने धुतलं आणि दुसऱ्याच आठवड्यात माझ्यात खीर वाढली. त्या दिवशी घरात 'नवं' होतं. शेतातला नवा तांदूळ घरी आला की पहिल्यांदा त्याची दूध-गुळाची खीर करायची, देवापुढे ठेवायची आणि मग सगळ्यांनी मिळून खायची, याला आमच्या घरी नवं म्हणतात. जन्मात पहिल्यांदा माझ्यात कोणाची बोटं बुडाली. आपण भांडं आहोत, हे मला त्या दिवशी कळलं.

केशोरावला दोन मुलगे झाले. थोरला दुधराम, धाकटा परसराम. लहानपणी नव्याच्या दिवशी दोघे माझ्या दोन बाजूंना बसायचे आणि तळ्यातला टोपीवाला आधी कोणाला दिसतो यावर पैज लावायचे. टोपीवाला दिसायला खीर संपावी लागते, म्हणून दोघेही भराभर खायचे.

केशोराव गेला आणि वर्ष-दोन वर्षांत भावांची वाटणी निघाली. बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, वाटल्या, बैल वाटले, आंब्याची झाडं वाटली. खरं बिनसलं होतं ते शेताच्या वरच्या अंगाला असलेल्या बोडीवरून, म्हणजे घरच्या लहान तलावावरून. पाणी आधी कोणाच्या बांध्यांना जायचं, यावरून दोघांत अशी काही बोलणी झाली होती की ती मी इथे सांगणार नाही. शेवटी अंगणात भांडी मांडली. पंचांनी एक पितळेचं इकडे, एक तिकडे असं करत ढीग लावले. माझ्या जोडीचं दुसरं भांडं नव्हतं. दुधरामने मला एका काठाला धरलं, परसरामने दुसऱ्या. दोघेही सोडेनात.

आवाज फार मोठा झाला नाही. पाहतो तर अर्धा मी दुधरामच्या हातात आणि अर्धा परसरामच्या. भेग बरोबर होडीतून गेली होती. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "झाली वाटनी." कोणी हसलं नाही. देवकाबाई उठली, दोघांच्या हातांतून दोन तुकडे तिने काढून घेतले, पदरात बांधले आणि घरात निघून गेली. त्या दिवसापासून भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. अंगणात मधोमध कुडाची भिंत उभी राहिली. म्हातारी धाकट्याकडे राहिली.

फुटकं भांडं घरात ठेवू नये, बोडीत सोडून द्यावं, असं शेजारणींनी तिला सांगून पाहिलं. तिने ऐकलं नाही. एका बाजारच्या दिवशी गावात फुटकी चिनी भांडी सांधणारा एक फिरता कारागीर आला. देवकाबाईने पदराची गाठ सोडून माझे तुकडे त्याच्यापुढे ठेवले. मित्रांनो, हे काम कसं होतं ते ऐका. दोरीच्या धनुकलीने फिरणारी बारीक सळई घेऊन त्याने भेगेच्या दोन्ही अंगांना भोकं पाडली, पण ती आरपार नव्हती, माझ्या अंगाच्या जेमतेम अर्ध्या जाडीपर्यंत होती. मग पितळी तारेचे टाके वाकवून एकेका जोडीत बसवले. टाका आपल्या ताणाने दोन तुकड्यांना एकमेकांकडे ओढून धरतो. भोकांत आणि भेगेवर त्याने चुना आणि गुळाच्या पाण्याचा लेप भरला. दुखलं का, म्हणून विचाराल तर हो, दुखलं.

लेप वाळल्यावर त्याने माझ्यात पाणी ओतून पाहिलं. खालच्या टाक्यापाशी एक थेंब जमला आणि टपकन पडला. तो म्हणाला, "अम्मा, एक हाथ चूना और लगा दूँ, फिर बूँद नहीं टपकेगी."

"राहू दे," देवकाबाई म्हणाली. "तलाव म्हनला का पाझरनारच."

मला तिचा फार राग आला. इतकं सोसून शेवटी काम अर्धवटच! कारागीर जाताना एवढंच सांगून गेला की याला घासू नका, साध्या पाण्याने धुवा.

त्या वर्षीच्या नव्याला देवकाबाईने मला खिरीने भरून ओसरीवर पाटावर ठेवलं आणि दोन्ही मुलांना माझ्या दोन बाजूंना बसवलं. आईने बोलावलं म्हणून दोघे आले होते, पण तोंडं दोन दिशांना. आधी हात घालेल तो नमला, असं दोघांच्याही मनात पक्कं होतं. कोणी हात हलवेना. तेवढ्यात माझ्या खालच्या टाक्यापाशी थेंब जमला आणि पाटावरून सारवलेल्या भुईवर ओघळला. मग दुसरा.

"बसा तोंड पायत," म्हातारी म्हणाली. "नवा तांदूळ भुईले जाऊन राहिला."

शेतकऱ्याच्या पोराला काहीही सोसेल, नव्या धानाची नासाडी सोसणार नाही. दोन हात एकदम माझ्यात आले. दोघांनी मान खाली घालून, एक शब्द न बोलता, भराभर खीर संपवली आणि उठून आपापल्या घरी गेले. तेव्हा कुठे मला म्हातारीचं 'राहू दे' समजलं. त्यानंतर दरवर्षी असंच होत आलं. वर्षभर अबोला, आणि नव्याच्या दिवशी माझ्या दोन बाजूंना दोन भाऊ. देवकाबाई वारली तरी हे थांबलं नाही. माझं गळणं सुरू होतं ना!

हे सगळं लहानपणापासून पाहत होता दुधरामचा मुलगा वीरेंद्र. तो मोठा होऊन गोंदियाला गेला, तिथे त्याने चष्म्याचं दुकान टाकलं आणि त्याला एक विचित्र नाद लागला. जुनी चिनी भांडी गोळा करायची, पण साबूत नाही, जुन्या काळी कोणीतरी दुरुस्त केलेलीच. रायपूरच्या भंगारवाल्याकडून, नागपूरच्या जुन्या बाजारातून, कलकत्त्याच्या गल्ल्यांतून तो अशी भांडी शोधून आणी. लोक हसत. तो म्हणे, "साबूत भांड्याचं काय मोठं? फुटल्यावर ज्याले कोनी फेकलं नाही, त्या भांड्याचं घर चांगलं राह्यलं असन." तो मलाही मागायचा. काका, कटोरा कपाटात सुरक्षित राहील, असं परसरामला म्हणायचा. परसराम म्हणायचा, "खायाचं भांडं कपाटात कायले पाह्यजे?" कुडाच्या पलीकडून दुधराम खाकरायचा, म्हणजे त्यालाही हेच म्हणायचं असे. या एका गोष्टीत भावांचं एकमत होतं.

आता माझ्या आयुष्यातल्या दुसऱ्या संकटाकडे येतो. परसरामच्या मुलाचं लग्न झालं आणि मंजू सून होऊन आली. मंजूसारखी टापटिपीची मुलगी मी पाहिली नाही. दिवाळीआधी तिने घरातलं पितळ, तांबं सगळं चिंच आणि राख लावून असं घासलं की ओसरी झळकली. मग तिची नजर माझ्या पाठीवर गेली. टाके पितळेचे, आणि काळे पडलेले! पितळ म्हटलं की चिंच, हे आमच्याकडे मुलींना शिकवावं लागत नाही. तिने माझा एकेक टाका चिंचेने चोळून सोन्यासारखा केला. घासू नका, हे सांगणं देवकाबाईबरोबरच गेलं होतं, सासऱ्याने उलट कौतुक केलं. मीही, खोटं कशाला बोलू, आरशासमोर उभं राहिल्यासारखा फुगलो. पण चिंच चुन्याला खाते, मित्रांनो. दर दिवाळीला माझे टाके चमकत गेले आणि त्यांच्या मुळातला लेप विरघळत गेला. तिचं प्रेम खरं होतं, हात हळुवार होता, आणि मी आतून सैल होत होतो.

गेल्या दिवाळीच्या आधी मंजू मोरीत बसून मला घासत होती. एक टाका तिच्या बोटांत निघून आला. मग दुसरा. मी तिच्या हातात उघडला गेलो.

ती रडली. कुडाच्या दोन्ही बाजूंना बातमी पोचली. हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान निघाला होता, नवं तोंडावर आलं होतं. परसराम तुकडे मांडीवर घेऊन बसून राहिला. दुधराम उन्हाळ्यात मोठ्या दुखण्यातून उठला होता, त्याचे पाय लटपटत होते. तो कुडापाशी आला आणि भिंतीकडे पाहून म्हणाला, "सांगा त्याले. मायचा कटोरा होता म्हनून येत होतो. आता कायले येऊ?"

दिवाळीसाठी आलेल्या वीरेंद्रने हे ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला. बापाचं वय झालेलं, काकाचंही. वर्षातून एकदाचं हे बसणं मोडलं, तर पुढे दोघांना एकत्र आणणारं दुसरं काही नव्हतं.

मंजू डोळे पुसत म्हणाली, "भाऊजी, दुकानात झटपट चिकटवाचा गोंद भेटते, तो आनू का?"

"खीर खाऊ का गोंद खाऊ?" परसराम ओरडला.

वीरेंद्र म्हणाला, "काका, भारी धान निघेपर्यंत नवं थांबवा. मी याले टाके घालून आनतो. जुन्यासारखेच." आणि मला टॉवेलमध्ये गुंडाळून, मांडीवर घेऊन तो गोंदियाच्या बसमध्ये बसला.

वीरेंद्रचं कपाट मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तिथे पितळी तोटी बसवलेली एक किटली होती. कानाच्या जागी वेताची वळी असलेला एक कप होता. टाक्यांची लांबच लांब रांग असलेली एक मोठी थाळी होती, जिच्यासाठी तो तीनदा कलकत्त्याला गेला होता आणि जिला त्याची बायको चेतनासुद्धा हात लावायला घाबरायची. सगळी फुटलेली, सगळी कोणीतरी जपलेली. इतकी वर्षं मी स्वतःला एकटाच समजत होतो. त्या कपाटात मला आपली माणसं भेटल्यासारखं वाटलं.

पण टाके घालायचे कोणाकडून? वीरेंद्रने ओळखीच्या सगळ्या भंगारवाल्यांना फोन केले. हे काम करणारा कोणी उरला असल्याचं कोणालाच माहीत नव्हतं. तेव्हा त्याने स्वतःच शिकायचं ठरवलं. चष्म्याच्या काचेला भोक पाडायचं बारीक यंत्र त्याच्याकडे होतं. हात बसवायला मात्र खरं जुनं भांडं हवं, बाजारातली नवी बशी वेगळीच तडकते. त्याने आपलंच कपाट उघडलं.

पहिली वेताच्या कानाच्या कपाची पाळी आली. भोक आरपार गेलं आणि कप दुभंगला. मग एक बशी गेली. मग, जुना टाका आत किती खोल बसवतात हे पाहायला, त्याने ती मोठी थाळी काढली आणि तिचा एक टाका स्वतःच्या हाताने उपटला. थाळी त्याच्यासमोर दोन तुकडे झाली. मला वाटलं हा आता रडणार. तो फक्त नाक ओढून भिंगातून भोकाची खोली पाहू लागला.

"पहिले फुटलेली आनत होते, आता घरीच फोडून राहिले. बढिया है!" चेतना दारातून म्हणाली. पण चुन्यात गुळाचं पाणी किती घालायचं ते तिनेच चाखून-पाहून जमवलं.

थाळी पुन्हा उभी राहिली तेव्हा माझी पाळी आली. माझे जुनेच टाके, जुन्याच भोकांत, पण नव्या लेपाने बसवले. एक टाका तुटला होता, तिथे त्याने नवी तार घातली. भेगेवर बाहेरून लेप असा गुळगुळीत घोटला की माझी भेग मलाच सापडेना. पाणी ओतून रात्रभर ठेवलं. सकाळी खालचा कागद कोरडा होता. वीरेंद्रने मला उजेडात धरलं आणि तो लहान मुलासारखा हसला.

भारी धान निघाला. ओसरीवर पाट मांडला गेला. मंजूने खीर केली आणि माझ्यात ओतली. दुधराम काठी टेकत आला आणि एका बाजूला बसला. परसराम दुसऱ्या बाजूला बसला. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी इतका घट्ट, इतका कोरडा कधीच नव्हतो.

कोणीही हात घालेना.

वाफ निघत होती, ती कमी होऊ लागली. दुधराम आंब्याकडे पाहत होता, परसराम आपल्या गुडघ्याकडे. खिरीवर साय धरू लागली. दुधरामने काठी ओढून जवळ घेतली. मी मनातल्या मनात गळण्याचा आटोकाट प्रयत्न केला, मित्रांनो, पण वीरेंद्रचं काम फारच चांगलं झालं होतं.

"या साली गळून नाही राहिला," मंजू हळूच पुटपुटली.

वीरेंद्रने तिच्याकडे पाहिलं. मग बापाच्या हातातल्या काठीकडे पाहिलं. मग त्याने खिशातून चष्म्याचे स्क्रू फिरवायचा इवलासा पेचकस काढला, माझ्याजवळ उकिडवा बसला आणि ज्या लेपासाठी त्याने आपल्या कपाटातली भांडी फोडली होती, तो खालच्या टाक्यापाशी खरवडायला लागला. चुन्याची पांढरी भुकटी पाटावर पडली. एक थेंब जमला. मोठा झाला. टपकन पडला आणि पाटावरून भुईवर ओघळला.

दोन हात एकदम माझ्यात आले. म्हातारे हात, गाठी आलेले, माझ्या पोटात एकमेकांवर आदळले. दुधरामने घाईने मोठा घास तोंडात घातला आणि सायीखालच्या गरम खिरीने तो कळवळला.

"हळू खा ना," परसराम म्हणाला. "गरम हाये."

भिंतीला नाही, सुनेला नाही, थेट भावाला म्हणाला. दुधरामने मान हलवली. खीर संपत आली तेव्हा त्याने बोट पुढे करून म्हटलं, "दिसला टोपीवाला. मले आधी दिसला." परसरामचे डोळे भरून आले होते.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं सांधलेलं जुनं भांडं असेल तर त्याला साध्या पाण्याने धुवा, मऊ फडक्याने टिपा आणि चिंच त्याच्यापासून दूर ठेवा. टाके काळे दिसले तर दिसू द्या. ते कोणी, कशासाठी घातले, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. आणि एखादं भांडं थोडं गळत असेल तर लगेच बुजवायला धावू नका, आधी त्याच्याजवळ बसून पाहा.

परवाच मंजू मला विहिरीवर धूत होती. खालच्या टाक्यापाशी बोट लावून तिने सासऱ्याला मोठ्याने विचारलं, "मामाजी, वीरेंद्र भाऊजींनी चुना पाठवला हाये. हे एवढं बुजवून टाकू का?"

"नोको!" कुडाच्या दोन्ही बाजूंनी एकदम आवाज आला.